उरलेला रंग

मी रंगाची वाटी बोलतेय. नाक मुरडू नका. तुमच्याही बाथरूममध्ये, खिडकीच्या कठड्यावर नाहीतर गीझरच्या मागे, माझी एखादी बहीण पडलेली असेल. काठाला काळपट ओघळ वाळलेले आणि आत एक ब्रश केस पिंजारून उभा. पाहुणे यायचे असले की आधी तिला लपवता आणि मग त्यांना सांगता, ‘छे हो, आमच्या घराण्यात केस मुळातच काळे.’ मला तुमची सगळी बिंगं ठाऊक आहेत.

माझा जन्म काही बाथरूममधला नाही. आम्ही सहा बहिणी, एकाच पत्र्यातून कापलेल्या, एकाच साच्यात दाबलेल्या, आरशासारख्या लखलखीत. या घरातल्या बाईला तिची लेक आई म्हणते, म्हणून मीही आईच म्हणते. आई चष्म्याच्या दुकानात कामाला लागली तेव्हा पहिल्या पगारातून तिने आम्हाला घरी आणलं. तिचं काम लोकांच्या चेहऱ्यावर फ्रेम बसवायचं. कुणाचं नाक बसकं, कुणाचा एक कान वर, ती दोन बोटांनी काडी वाकवते आणि चष्मा चेहऱ्यावर नीट बसतो. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणारी ही बाई घरी आली की मान खाली घालायची. का, ते मला स्वयंपाकघराच्या फळीवरून स्पष्ट दिसायचं.

घरात तिचा नवरा, म्हणजे बाबा होते. कारखान्याच्या भांडारात साहेब. आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या. आत्या वरच्या मजल्यावर राहतात आणि खालच्या मजल्यावर राज्य करतात.

सगळ्यांची जेवणं झाली की भांड्याच्या तळाशी जे उरेल ते आई माझ्यात काढायची. कधी दोन चमचे भाजी, कधी नुसतं पातळ. ‘अगं, एवढंसं उरलंय, वाया कशाला घालवायचं? तूच संपव.’ हे आत्यांचं वाक्य. ताजं, गरम, भांड्याच्या वरच्या थरातलं असं तिला कुणी वाढलेलं मी पाहिलं नाही. आणि तिने मागितलेलंही पाहिलं नाही. त्याचा रागही माझ्या पोटात आहे.

एका दुपारी मीठ कमी पडलं म्हणून बाबांनी मला ताटात आपटलं आणि माझा काठ चेपला. माझ्या पुढच्या आयुष्याचा निकाल तिथेच लागला, फक्त मला तो बारा वर्षांपूर्वीच्या एका रविवारी कळला. बाबांच्या मिशीत तीन पांढरे केस निघाले होते. घरात जणू चोर शिरला. आत्या रंगाचं पाकीट घेऊन खाली उतरल्या.

“भांडं दे गं एखादं.”

“वन्सं, प्लॅस्टिकचं बघते ना काही.”

“बघत काय बसतेस? ती काठ चेपलेली वाटी दे. तशीही पंक्तीत शोभत नाही ती.”

चेपली कुणी, शिक्षा कुणाला! त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरात परत गेले नाही. माझ्या पाच बहिणी अजून फळीवर चमकतात. मी विटले आहे म्हणे.

तेव्हापासून दर तिसऱ्या रविवारी बाबा बाथरूममध्ये स्टुलावर बसतात. गळ्याभोवती जुना टॉवेल, डोळे मिटलेले, हनुवटी वर. राज्याभिषेक असावा तसा थाट. पाकिटातली पूड आणि बाटलीतलं पाणी माझ्यात पडतं आणि असा उग्र वास सुटतो की पाल खिडकीतून बाहेर जाते. मग आई त्यांच्या केसांत भांग पाडून पाडून रंग लावते. मिशीला जुना दात घासायचा ब्रश.

“अगं, हळू! कानाला लागेल.”

“अहो, हलू नका म्हणजे लागणार नाही.”

“मी हलतोय? तुझा हात हलतोय.”

आता खरी गोष्ट सांगते. प्रत्येक पाकिटात घडी घातलेला एक कागद असतो. फरशीला डाग पडू नयेत म्हणून आत्यांनी पहिल्याच दिवशी तो उलगडला आणि माझ्या बुडाखाली अंथरला. तेव्हापासून तीच रीत पडली. नवं पाकीट, नवा कागद, त्याच्यावर मी. त्यामुळे त्या घरात तो कागद वाचलेली एकटी मीच. बाबा वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचतात. आत्या शेजारणीची पत्रं पाकिटावरून वाचतात. पण ज्या कागदावर डोक्याला काय फासतोय ते लिहिलंय, तो बुडाखाली.

काय लिहिलंय? लावण्याआधी अठ्ठेचाळीस तास कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून बघा. खाज, लाली, सूज आली तर लावू नका. आधी कधी त्रास झाला असेल तर अजिबात लावू नका, डोळ्यांना इजा होऊ शकते. धातूचं भांडं वापरू नका. ही ओळ माझ्याविरुद्ध आहे. तरी सांगितली. मी आत्यांसारखी सोयीचं तेवढंच वाचत नाही.

पहिल्या रविवारी बाबांचं रंगवून झालं आणि माझ्या तळाशी थोडा रंग उरला. तासभर उघडा राहून काळाकुट्ट झालेला, साय धरलेला. आत्यांनी वाकून पाहिलं.

“अगं, एवढं उरलंय. वाया कशाला घालवायचं? तुझ्या डोक्याला फासून घे.”

आईचे तेव्हा पाच केस पांढरे होते. मी मोजले नव्हते, आत्यांनी मोजले होते. आई स्टुलावरही बसली नाही. उभ्या उभ्या, आरशात न बघता, बोटाने माझा तळ निपटला आणि डोक्याला लावला. जेवताना निपटायची तसाच.

वर्षानुवर्षं हे चाललं. आधी नुसती खाज. मग कानामागे लाल चट्टे. मग मानेवर पाणी सुटायला लागलं. दुकानात गिऱ्हाइकासमोर डोकं खाजवता येत नाही म्हणून ती पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हळूच टोचत राहायची. मागच्या वर्षी कपाळ सुजलं तेव्हा दवाखान्यात गेली. डॉक्टरीण बाईंनी बजावून सांगितलं: पुन्हा लावलंत तर सूज डोळ्यांवर उतरेल आणि मग डोळ्यांचा भरवसा मी देणार नाही. आईने हे बाबांना सांगितलं तेव्हा मी कठड्यावरच होते.

“डॉक्टर घाबरवतातच,” बाबा म्हणाले. “त्यांचा धंदा आहे तो.”

“मी इतकी वर्षं लावतेय,” आत्या म्हणाल्या, “मला कधी साधी खाज सुटली नाही. कातडीचेसुद्धा नखरे असतात एकेकीच्या!”

तरी त्यानंतर आठ महिने आईने लावला नाही. भांगात पांढरी रेघ उमटली, मग ती रुंद झाली. मला वाटलं, सुटली बाई.

मग बाबांचा निवृत्तीचा समारंभ ठरला. रविवारी दुपारी कारखान्याच्या सभागृहात. हार, शाल, भाषणं आणि मंचावर सहकुटुंब फोटो. शनिवारी सकाळी बाबा स्टुलावर बसले, आईने त्यांचे केस रंगवले, आणि उठता उठता त्यांनी मला कागदासकट तिच्यापुढे सरकवलं.

“उरलंय बघ. तूही लावून घे.”

“अहो, मला नको. डॉक्टरीण बाई काय म्हणाल्या, विसरलात का?”

“एक दिवसाचा प्रश्न आहे. उद्या मंचावर माझ्या शेजारी उभी राहणार ना? लोक काय म्हणतील? साहेब आईला घेऊन आलेत?”

दारात आत्या होत्याच. त्या कुठल्याही दारात असतातच. “नवऱ्याच्या आयुष्यातला मोठा दिवस आहे. एवढंही करवत नसेल तर राहिलंच.”

मी माझ्या जागी ओरडले असेन, पण स्टीलच्या ओरडण्याला कोण विचारतो? माझ्याखाली कागद होता. एक बोट वाकवून ओढला असता तर सगळं हाती आलं असतं. तिने बोट वाकवलं ते माझ्या तळातून रंग काढायला. बाई, दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांची काळजी वाहतेस, आणि स्वतःचे डोळे फोटोसाठी पणाला लावतेस? मला ती त्या क्षणी आत्यांहून जास्त डाचली.

रविवारी सकाळी तिच्या पापण्या उघडल्या नाहीत. चेहरा फुगून नाक बुडालं होतं. भिंत चाचपत ती बाथरूममध्ये आली आणि तोंडावर पाणी मारत राहिली. पाणी डोळ्यांत शिरतच नव्हतं. शिरायला फटच नव्हती.

बाबा मागून आले. पाहिलं, दचकले. पण घड्याळही पाहिलं.

“आता काय करायचं? असं कर, तुझ्याच दुकानातला तो मोठा काळा चष्मा लाव. फोटोत कळणार नाही.”

एवढ्यात दार वाजलं. लेक आली होती. ती बाहेरगावी कॉलेजात शिकते, समारंभासाठी पहाटेच्या गाडीने निघाली होती. बॅग खांद्यावर तशीच ठेवून ती बाथरूमच्या दारात उभी राहिली. आधी आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“हे कुणी लावायला सांगितलं?”

“आल्या वकीलसाहेब!” बाबा शर्टाची बटणं लावत म्हणाले. “कुणी हात धरून नाही लावला. उरला होता, तिने लावला.”

लेकीने मला उचललं. रंग सांडून कागद माझ्या बुडाला चिकटला होता. तिने तो नखाने सोडवला, टरकन एक कोपरा फाटला. आणि ती मोठ्याने वाचू लागली. बारा वर्षं मी जे पोटाखाली धरून बसले होते, ते पहिल्यांदा माणसाच्या आवाजात ऐकलं. अठ्ठेचाळीस तास. खाज, लाली, सूज. आधी त्रास झाला असेल तर अजिबात नाही.

“असलं सगळ्याच पाकिटांवर लिहिलेलं असतं,” बाबा म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी.

“हल्लीच्या मुली कागदं वाचून संसार करतात,” आत्या म्हणाल्या.

“तू न वाचता केलास ना आत्या? बघ ना मग आईकडे. बघ! मान का वळवतेस?”

आत्यांनी खरंच मान वळवली होती.

तेव्हा आई बोलली. सुजलेल्या ओठांतून, पण स्पष्ट. “पुढे वाच.”

“काय पुढे? आई, चल आधी दवाखान्यात. गाडी बोलावते.”

“बोलाव. पण शेवटपर्यंत वाच.”

लेकीने एका हाताने फोन लावला, दुसऱ्या हातातला कागद वर धरला. “‘मिश्रण तयार होताच वापरा. उरलेलं मिश्रण ताबडतोब फेकून द्या. दुसऱ्यांदा वापरू नका.’ संपलं.”

“उरलेलं काय करायचं म्हणालीस?”

“फेकून द्यायचं, आई.”

“पुन्हा वाच.”

लेकीने पुन्हा वाचलं. त्या बाईने मिटल्या डोळ्यांनी ते असं ऐकलं, जसं कुणी आपल्याच नावाने आलेलं, बारा वर्षं पोस्टात अडकलेलं पत्र ऐकावं. मग म्हणाली, “चल.”

बाबांनी विचारलं, “आणि समारंभ?”

दोघी गेल्या. बाबाही गेले, समारंभाला. फोटो निघाला. बाबांच्या शेजारी आत्या उभ्या आहेत म्हणे, दोघंही कुळकुळीत.

आईचे डोळे वाचले. पाच दिवस ते उघडले नाहीत, महिनाभर उजेड सोसला नाही. डॉक्टरीण बाईंनी डोकं जवळजवळ तासून टाकलं. नंतर जे केस आले ते पांढरेशुभ्र, पेरभर, ताठ. त्या पांढऱ्या केसांनी ती दुकानात गेली. लोक काय म्हणाले? काही नाही. लोकांना स्वतःचा चष्मा नाकावर नीट बसतोय की नाही याचीच पडलेली असते. या ‘लोकांच्या’ नावाने घराघरांत ज्यांचं बाहेर चालत नाही तेच हुकूम सोडतात.

आता सांगते ते मागच्या रविवारचं. बाबांच्या मुळांशी पांढरं फुटलं होतं, मिशी मिठासारखी झाली होती. नवं पाकीट घेऊन ते बाथरूममध्ये आले, टॉवेल गळ्याभोवती घेतला आणि स्टुलावर बसून हाक मारली.

“अगं, ये!”

“तुमचं तुम्ही लावा,” बाहेरून आवाज आला.

ते बराच वेळ बसून होते. मग पुटपुटत उठले आणि स्वतःच कालवायला लागले. पाणी जास्त झालं. मागचं डोकं दिसेना म्हणून मागे लावलंच नाही. कपाळावर बोटभर रुंद पट्टा, डावा कान अख्खा काळा, मिशीतला रंग ओघळून हनुवटीवर. सुट्टीत घरी आलेली लेक दारातून बघत होती. “बाबा, आता चष्मा लावा काळा. फोटोत कळणार नाही.” ते तिच्यावर खेकसले. हसू आलं असेल असं वाटतं तुम्हाला? मला नाही आलं. बारा वर्षांच्या मानाने एक काळा कान फारच स्वस्त आहे.

आणि मग त्यांनी माझ्यात वाकून पाहिलं. मला दोन्ही हातांनी उचललं, दारापर्यंत आणलं, आणि बाहेर उभ्या असलेल्या आईपुढे धरलं.

“अगं, थोडं उरलंय.”

दुष्टपणाने नाही हो. दुष्टपणाने असतं तर बरं झालं असतं, दुष्टपणा कधी ना कधी शरमतो. ते सवयीने म्हणाले. आपण काय बोललो हे त्यांना आत्तासुद्धा कळलेलं नाही.

आईने मला त्यांच्या हातातून घेतलं. तिचं बोट माझ्या काठावर आलं. पण ते बोट आत उतरलं नाही. ती मोरीच्या जाळीपाशी गेली, मला उपडं केलं, नळ पूर्ण सोडला. काळं पाणी गोल गोल फिरून खाली गेलं. शेवटचा थेंब जाईपर्यंत ती बघत उभी राहिली, उघड्या डोळ्यांनी. मग मला कठड्यावर पालथी घातली आणि म्हणाली, “झालं.”

तेव्हापासून मी अशीच आहे. मला घासूनपुसून फळीवर नेऊ नका, पाच बहिणींच्या ओळीत बसायची मला हौस नाही. तिथेही उरलंसुरलंच वाढून घ्यायचं असेल तर ही खिडकी बरी.

मागणं एकच आहे, आणि ते तुमच्या घरातल्या त्या बाईकडे आहे जी सगळ्यांच्या नंतर स्टुलापाशी येते. वाटीखालचा कागद ओढ. ओढताना मी कलंडले, रंग सांडला, फरशीला जन्माचा डाग पडला, तरी ओढ. आणि आज ना उद्या कुणीतरी मला सरळ करून, तळाशी काहीतरी ठेवून तुझ्यापुढे धरेलच. तेव्हा माझ्या आत बघू नकोस. धरणाऱ्याच्या डोळ्यांत बघ, आणि मला पुन्हा पालथी घाल.