चौथा खांब

मिस्त्रीने पहार तिसऱ्यांदा उचलली आणि तिसऱ्यांदा खाली ठेवली. चौथा खड्डा जिथे घ्यायचा, नेमके तिथेच साहेब खुर्ची टाकून बसले होते.

"साहेब, जरा सरकता का?"

"इथून पाण्याची लाइन गेली आहे."

"सकाळी वायर म्हणालात."

"वायरही आहे."

"वीज, पाणी सगळं याच कोपऱ्यात? मग घर तिकडे कशाला बांधलंत?"

साहेब हसले नाहीत. रागावलेही नाहीत. निवृत्त झाल्यापासून दोन्ही खाती त्यांनी बंद केली होती. कुणी विचारलंच तर "काही वाटत नाही" म्हणायचे, आणि ते खरंही असायचं.

मागच्या अंगणात लाकडी मंच उभारायचा, त्यावर प्लॅस्टिकची हिरवळ अंथरायची, हिरवळीला एक भोक ठेवायचं आणि काठीने चेंडू हळूच ढकलत त्या भोकात घालायचा, ही कल्पना परगावी राहणाऱ्या मुलाची. जमीन उंचसखल, म्हणून मंच हवा. गोल्फशी साहेबांचा संबंध एवढाच, की निरोप समारंभात त्यांना गोल्फची एक काठी मिळाली होती. ती बहुधा दुसऱ्याच कुणासाठी आणलेली असावी. निवृत्त माणसाने वेळ कसा घालवावा हे ज्यांना अजून निवृत्त व्हायचंय त्यांना अगदी पक्कं ठाऊक असतं. साहेब हो म्हणाले, कारण नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

कारण होतं. ते खुर्चीच्या खाली, हातभर खोल होतं.

घरात पूर्वी एक कुत्रा होता. दहाला फाटकाशी हजर व्हायचा आणि पाचपर्यंत झोपायचा, म्हणून सगळे त्याला कारकून म्हणत. मुलगा शिकायला बाहेर गेला त्या वर्षी, एका सकाळी अंगणात गाडी मागे घेताना चाकाखाली काहीतरी मऊ आलं. साहेबांच्या पत्नी, घरातल्या बाई, बाजारात गेल्या होत्या. साहेबांनी कारकुनाला या कोपऱ्यात पुरलं, हात धुतले, शर्ट बदलला आणि बाई आल्यावर म्हणाले, "फाटक उघडं राहिलं वाटतं. कारकून पळाला."

त्या सकाळी फाटकातून बाहेर पडलेलं माणूस एकच, बाई. हे साहेबांच्या लक्षात आलं तोवर वाक्य बोलून झालं होतं, आणि तोंडातून गेलेलं वाक्य मागे घ्यायची त्यांच्या कार्यालयात पद्धत नव्हती.

तेव्हापासून बाई रोज रात्री फाटकाची कडी दोनदा तपासत. सकाळी मागच्या पायरीवर पाण्याचं भांडं भरून ठेवत. साहेब दोन्ही बघत. सुरुवातीला ते उठून आत जायचे. मग सवय झाली. मग काही वाटेनासं झालं. ही सुन्नता निवृत्तीमुळे आली, असं डॉक्टरांचं मत होतं. साहेबांनी ते खोडून काढलं नाही.

मिस्त्रीने शेवटी मुलाला फोन लावला आणि साहेबांच्या कानाशी धरला.

"बाबा, उठा ना तिथून! खांब जमिनीत घट्ट बसला नाही तर सगळं डुगडुगेल."

"पायाला मुंग्या आल्यात," साहेब म्हणाले.

हेही खोटंच होतं. मुंग्या यायला पाय आधी आपला वाटावा लागतो.

मागचं दार उघडलं. बाई चहा घेऊन आल्या. मिस्त्रीने लगेच फिर्याद मांडली.

"ताई, साहेब उपोषणाला बसलेत. तीन खांब झाले, चौथा काही घेऊ देईनात."

बाईंनी कोपऱ्याकडे पाहिलं. मिस्त्रीला कप दिला, साहेबांना दिला.

"तिथे खणू नका," त्या म्हणाल्या. "विटा ठेवा, त्यांच्यावर टेकवा."

"का पण?"

"तिथली जमीन एकदा खणलेली आहे."

साहेबांचा कप ओठांपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"म्हणजे माती भुसभुशीत. खांब धरणारच नाही," मिस्त्री म्हणाला. "हे आधी सांगायचं की, साहेब! उगाच आपलं वायर न् पाणी."

संध्याकाळपर्यंत हिरवळ अंथरून झाली. भोक पाडलं, त्यात छोटं लाल निशाण लागलं. मिस्त्रीने एक चेंडू ठेवून पाहिला. तो स्वतःहून निघाला आणि विटांच्या कोपऱ्यात जाऊन थांबला.

"विटा दबल्या जरा. उद्या पाचर मारून देतो."

"राहू द्या," बाई म्हणाल्या.

मिस्त्री गेल्यावर साहेब मंचाच्या कडेवर पाय दुमडून बसले. बाईंनी काठी घेतली आणि झाडू मारावा तसा चेंडूला फटका दिला. भोकाला वळसा घालून तो कोपऱ्यात गेला. दुसराही तिकडेच गेला. बाईंना त्याचं काही विशेष वाटल्याचं दिसलं नाही.

"त्या दिवशी फाटक..." साहेब म्हणाले.

"मी लावलं होतं. कडी घालून ओढूनही पाहिलं होतं."

तिसरा चेंडू निघाला, पोचला.

"मग ते पाण्याचं भांडं?"

"चिमण्या येतात."

"आणि रात्री कडी दोनदा?"

"एकदा बघितली तरी तुम्ही बोलेनात. म्हणून दोनदा."

साहेब उठायला गेले आणि अर्ध्यातूनच परत खाली बसले.

"काय झालं?"

"मुंग्या आल्यात. पायाला."

बाईंनी काठी भिंतीला टेकवली. पायरीवरचं भांडं उचललं, तळाशी उरलेलं पाणी ओतून टाकलं आणि ते रिकामं भांडं साहेबांच्या हातात दिलं.

"मुंग्या गेल्या, की हे भरून आणा."