लाल चौकोनावरचं कुंकू

मी संगणक आहे, जुना आहे आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर पुरता वैतागलेला आहे. वैताग यायला संगणकाला मन कुठे असतं, असं तुम्ही म्हणाल. माझी हकीकत ऐका आणि मग म्हणा.

माझा जन्म बुधवार पेठेतल्या एका दुकानात झाला. एका कंपनीचा पडदा, दुसरीची पेटी, तिसरीचा पंखा असं जमवून मला उभं केलं. त्या काळी कोथरूडमध्ये घरटी एक जण सॉफ्टवेअरमध्ये शिरत होता. मलाही वाटलं, आपण एखाद्या काचेच्या इमारतीत जाऊ, गार हवेत बसू. पण माझी रवानगी झाली कोथरूडमधल्याच एका संशोधन संस्थेत, दुसऱ्या मजल्यावर, पिण्याच्या पाण्याच्या कूलरशेजारी. येणारा जाणारा पेला भरताना माझ्यावर चार थेंब उडवायचा. तक्रार कोणाकडे करणार?

काम मात्र मोठं होतं. दूर परदेशात जमिनीखाली भौतिकशास्त्राचा एक भलामोठा प्रयोग चालतो. तिथे अतिसूक्ष्म कण एकमेकांवर आदळवतात आणि त्यातून काय उडतं ते चार मजली घराएवढ्या उपकरणाने टिपतात. त्या उपकरणाचा कोणता भाग किती तापला, कुठे विजेचा दाब किती होता, याच्या नोंदी सतत डेटाबेसमध्ये साठत असतात. त्या नोंदी नसतील तर टिपलेल्या मापनाचा काही उपयोग नाही. अंगात ताप किती ते मोजलं, पण थर्मामीटर बिघडलेला होता की नाही हेच ठाऊक नाही, तशी गत होते.

ते डेटाबेस चालू आहेत ना, त्यांत जागा उरली आहे ना, यावर लक्ष ठेवणं हे माझं काम. तिकडे रात्र असते तेव्हा इथे सकाळ, म्हणून ती पाळी पुण्याच्या वाट्याला आली होती. माझ्या पडद्यावर प्रत्येक डेटाबेसचा एक चौकोन. सगळं ठीक असेल तर हिरवा, बिघडलं की लाल. शिवाय मी मोठ्याने वाजायचो. पहिल्या वर्षी केवढं कौतुक झालं माझं. पाहुणे आले की पाळीप्रमुख दिग्विजय त्यांना माझ्यासमोर उभं करायचा आणि म्हणायचा, "हा आमचा पहारेकरी. याची नजर चुकवून काही होत नाही."

पुढे कौतुक आटलं. जागा थोडी कमी झाली तरी मी वाजायचो, कारण मला तसंच शिकवलं होतं. एकदा कार्यालयाच्या व्यवस्थापक वासंतीबाई तावातावाने खोलीत आल्या. "अहो दिग्विजय, हा संगणक आहे की दूधवाल्याची सायकल? पलीकडे माणसं काम करतात, याची आपल्याला कल्पना असेलच."

"वाजायला याला नुसतं निमित्त लागतं, बाई," असं म्हणून दिग्विजयने माझा आवाज बंद केला. लाल चौकोन तर दिसतोच, मग आवाज कशाला, असं त्याचं म्हणणं. दिसतो खरा, पण बघणारा हवा ना?

बघणारी एकच होती. भाग्यश्री. यवतमाळहून पीएचडीसाठी आलेली मुलगी. तिने आणि तिच्या सोबत्यांनी त्या उपकरणासाठी कण टिपणारी एक पातळ पट्टी तयार केली होती, आणि प्रयोगाच्या ठिकाणी तिची चाचणी सुरू होती. चाचणीचा शेवट महत्त्वाचा होता, कारण तेव्हाच पट्टीवर विजेचा पूर्ण दाब देणार होते. तिचा सगळा प्रबंध त्या नोंदींवर उभा होता. रोज आल्या आल्या ती आधी माझ्या कोपऱ्यातला तिच्या डेटाबेसचा चौकोन पाहायची, मग पिशवी खाली ठेवायची. मला ती फार आवडायची.

आणि नेमकी त्याच दिवसांत खंडेनवमी आली. वासंतीबाईंनी दरवर्षीप्रमाणे सगळी यंत्रं पुसून घेतली. सगळ्यांना फुलं वाहिली आणि हळदकुंकू लावलं. माझी चौकट काळी, तिच्यावर कुंकू उठून दिसेना. म्हणून बाईंनी ठसठशीत बोट ओढलं ते थेट काचेवर, कोपऱ्यात, भाग्यश्रीच्या चौकोनावर.

भाग्यश्रीने पाहिलं आणि ती जरा घुटमळली. "बाई, थोडं बाजूला लावता आलं असतं नं."

"दसरा होईपर्यंत पुसायचं नाही हं," बाई म्हणाल्या. वडीलधाऱ्या बाईंपुढे ती काय बोलणार? दसऱ्यासाठी ती कात्रजला मावशीकडे गेली. सकाळची पाळी दिग्विजयची होती, त्यामुळे तिला काळजी वाटली नाही.

त्याच संध्याकाळी तिचा डेटाबेस काठोकाठ भरला आणि नोंदी घेईनासा झाला. मी चौकोन लाल केला. लाल कुंकवाखाली लाल चौकोन! मला आवाज नव्हता. मी करू तरी काय शकत होतो? दसऱ्याच्या सकाळी दिग्विजय आला, माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्यात लाल दिसलं. "बाईंचं कुंकू," तो स्वतःशीच म्हणाला, तिकडे 'सर्व ठीक' असा निरोप पाठवला आणि श्रीखंड आणायला गेला. तिकडचे लोक तो निरोप वाचून निर्धास्त झाले. पट्टीवर पूर्ण दाब दिला गेला, चाचणी पार पडली आणि एकही नोंद झाली नाही. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाग्यश्री आली. दसरा झाला म्हणून तिने ओढणीच्या टोकाने कुंकू पुसलं. लाल गेलं नाही. तिने पुन्हा पुसलं, जोरात. मग तिचा हात थांबला.

पुढे बैठक झाली. दिग्विजय म्हणाला, "यंत्रणा जुनी झालीय, बदलायला हवी." ऐकलंत? यंत्रणा जुनी! वासंतीबाई म्हणाल्या, "पूजेत कसली चूक?" त्यांचंही खरंच होतं, त्यांनी मनापासून केली होती. चाचणीसाठी पुन्हा पाळी मिळणार होती ती थेट पुढच्या वर्षी.

सगळे गेल्यावर भाग्यश्रीने माझ्यासमोर बसून घरी फोन लावला. "आई, अजून एक वर्ष लागेल मला... नाही, कोणाचं काही चुकलं नाही... काहून म्हणजे? इथं यंत्राची पूजा होती." फोन ठेवून तिने डोळे पुसले, पण कोणाला एक शब्द बोलली नाही.

मित्रांनो, ती बोलली नाही म्हणून मी बोलतो आहे. यंत्राला फुलं वाहू नका असं मी म्हणत नाही. फुलं मलाही आवडतात. पण जो तुमच्यासाठी रात्रंदिवस जागा असतो त्याचा आवाज बंद करू नका, आणि त्याला हात जोडण्याआधी तो काय सांगतो आहे ते एकदा नीट पाहा. हात त्यानंतर जोडलेत तरी चालतील.