ओठांनी दिलेली ओ

मी बहिरी आहे, वेडी नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझ्या लेकाला, यशपालला, दोन्हींतला फरक कळायला महिना लागला.

एकतीस वर्षं चादरीच्या कारखान्यात काढली. कान तिथंच गेले. चाळीस माग एकदम खडखडत असताना बोलणार कसं? आम्ही बाया आवाज न काढता ओठांनीच बोलायचो. सासवांची उणीदुणीसुद्धा तशीच काढायचो आणि मुकादमाला पत्ता लागायचा नाही.

गेल्या उन्हाळ्यात उरलासुरला कानही बसला. घर पार गप्प झालं. मग एकदा भर दुपारी ज्वारी निवडत होते, तर हाक आली, "आये, दार उघड की."

आवाज मनालीचा. माझी लेक नऊ वर्षांची असताना तापानं गेली, त्याला सव्वीस वर्षं झाली. दार उघडंच होतं. दारात कुणी नव्हतं. अंगावर काटा आला, पण खरं सांगू? भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला.

मग ती रोज येऊ लागली. मी ओ द्यायची ती ओठांनीच. कानांवाचून जी ऐकू येते, तिला आवाज कशाला हवा? पण सूनही त्याच कारखान्यात कामाला आहे, हे मी विसरले. एके दिवशी कीर्तीनं माझे ओठ वाचले आणि तिच्या हातातलं ताट पडलं. मग मी तिचे वाचले.

"अवो, आत्या मनालीताईंसंगं बोलायल्यात!"

यशपालनं मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दाखवलं. कानांतून काही येईना झालं की मेंदूतला ऐकणारा भाग रिकामा बसत नाही. जुन्या साठ्यातलं काढून स्वतःच वाजवत राहतो. कानाला मशीन लावा, मेंदू नवे आवाज शिकेल आणि हे थांबेल. 'थांबेल'च्या खाली त्यांनी दोन रेघा मारल्या होत्या.

मला ते थांबायला नकोच होतं. पण यशपाल समोर बसला, सावकाश ओठ हलवत म्हणाला, "आये, मी बी तुजाच हाय की. माजं कवा ऐकणार?" पोराचे डोळे भरले होते. लावलं मशीन.

मशीनमधून सगळेच पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखे. यशपाल, कीर्ती, भाजीवाली, सगळ्यांचा एकच आवाज. मनाली मात्र बंद झाली. मशीन काढून तासन्‌तास बसायची मी, तरी काही नाही. खूप रडले.

दोन महिन्यांनी एका दुपारी मशीन काढून पडले होते, तेव्हा ती आली.

"आये, भूक लागलीया."

बोलणं तिचंच, पण आवाज पत्र्याचा. मी घाईघाईनं तिचा खरा आवाज आठवायला गेले. आठवेना. सव्वीस वर्षं सांभाळलेला आवाज मी दोन महिन्यांत घालवून बसले होते.

"आये," ती पुन्हा म्हणाली.

माझ्या ओठांवर आपसूक आलं, "कोण गं तू?"

ती गप्प झाली. ती अजून गप्पच आहे.