मोरी काढा

अरे थांबा, आधी मला सांगू द्या! सागरच्या मच्छीच्या दुकानाचं ॲप मी करतेय ना, त्यात माशाच्या नावावर टॅप केलं की त्याचा छोटा टॅग वर जाऊन बसतो. टॅगला फुली. फुली दाबली की मासा ऑर्डरमधून बाद. सोप्पं!

तर आमच्या शेजारच्या विमलामावशी. त्यांना दिसत नाही, पण त्यांचा फोन बोलतो, बोट जाईल तिथलं वाचून दाखवतो. मावशींना मोरी खायची होती. मासा हां, न्हाणीतली नव्हे! बाजारात जाते त्यांची जाऊ सगुणा, आणि तिला मोरीचा वास खपत नाही. म्हणून घरात कायम बांगडे. मावशी म्हणाल्या, "आज माझी मी मागवणार. कोणाच्या मिनतवाऱ्या नकोत."

आता फुलीवर बोट गेलं की फोन नुसता 'बटन' म्हणायचा. कसलं बटन, कळणार कसं? मी लगेच फुलीला नाव दिलं. फोन म्हणायला लागला, 'मोरी काढा'. मस्त ना?

मावशींनी ऑर्डर पाठवली. सागरचा मला फोन, "काय गो मृणाली, मावशींना रिकामी पिशवी पाठवू काय?"

मावशींनी पुन्हा ऑर्डर केली. परत रिकामी! कोड बघितला तर सगळा बरोबर. मग मी मावशींच्या शेजारीच जाऊन बसले.

मावशींनी मोरी निवडली. बोट सरकवलं. फोन म्हणाला, 'मोरी काढा'. मावशींनी खुशीत टॅप केलं आणि टॅग गायब!

"अहो मावशी, ते कशाला दाबलंत?"

"मग? मच्छीवालीला काय सांगतात? सुरमई काढ, बांगडे काढ. ती काढते नि पिशवीत घालते. तुझा फोन काय काढून समुद्रात टाकतो होय गो?"

मी हसून हसून आडवी! मग आम्ही शब्द शोधत बसलो. 'हटवा'? "वाटेत म्हैस बसलीय काय?" 'वगळा'? "परीक्षा आहे काय?" शेवटी 'मोरी नको' ठेवलं. शिवाय फुली दाबली की आता फोन ऑर्डरमध्ये काय उरलं तेही सांगतो.

ह्या वेळी पिशवी भरलेली आली. सगुणाकाकी नाकाला पदर लावून दारात.

"ही कोणी आणली?"

मावशी आधीच विळीकडे निघाल्या होत्या. "मी!"