रंग न धरणारी जागा

माझ्या मोटारीला कुणी हात लावलेला मला खपत नसे. साल छप्पन. अख्ख्या अंथुर्ण्यात मोटार अशी ती एकच, जुनी घेतलेली, पण काळीभोर. मी तिला इतकं जपायचो, की लोक माघारी हसायचे. हसेनात का.

त्या दसऱ्याला माझ्या बायकोनं, रतननं, तेलात कुंकू कालवलं आणि बैलगाडीच्या जुवावर उमटवायची तसाच उजवा पंजा बॉनेटवर उमटवला. मी चारचौघांत तिला नको नको ते बोललो. तेलानं रंग जातो, एवढी अक्कल नाही का, वगैरे. तिनं पदरानं पुसून काढलं.

कार्तिकात ती तापानं फणफणली. बारामतीच्या दवाखान्यात न्यायला गाडी दारात लावली, तर ती दार धरून चढेना.

"तुमच्या गाडीला माजा हात लागाया नगं," म्हणाली.

आईनं तिला उचलून आत बसवलं. वाटभर तिनं दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून ठेवले. खड्ड्यात गाडी आदळायची, ती कलंडायची, पण तिनं कशालाही धरलं नाही. बारामती यायच्या आत गेली.

फाल्गुनात मला इंदापूरची सोयरीक आली. सोमवारी मुलगी बघायला जायचं ठरलं, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात बॉनेटवरचा रंग फुगलेला दिसला. असली गाडी सोयऱ्यांच्या दारात न्यायची मला लाज वाटली. बारामतीचे राजमहंमद पेंटर गावात तालमीची पाटी रंगवायला आले होते. ते सांगतील तसं मी अंगणात स्वतःच करायला लागलो. धूळ उडू नये म्हणून सडा टाकला, फुगवटा पॉलिश पेपरनं घासला, वरून रंगाचा एक हात दिला. दुसऱ्या सकाळी रंग सगळीकडं छान बसला होता. मधोमध तेवढा फाटला होता. चार बोटं, एक अंगठा.

राजमहंमद म्हणाले, जुन्या रंगात तेल मुरलंय, त्यावर नवा रंग धरत नाही. दसऱ्याचं तेल आठवून मला हायसं वाटलं. पत्रा उघडा पडेपर्यंत खरवडलं, पेट्रोलनं तीनदा पुसलं, अस्तर दिलं, रंग दिला. सकाळी पंजा तिथंच. बोट लावलं तर बोट तेलकट झालं.

भीती नंतर वाटली, आधी रागच आला. तेलच आहे ना, मग बघूच. पुन्हा पत्र्यापर्यंत खरवडलं, धुतलं, अस्तर दिलं. वाळल्यावर त्या जागेशेजारीच गोडेतेलात बुडवलेला माझा पंजा दाबला आणि तो तसाच ठेवला. सगळ्यावर एकच रंग, एकाच ब्रशनं. राजमहंमद नको म्हणत होते. मी ऐकलं नाही.

सकाळी आम्ही दोघं बघायला गेलो. माझ्या तेलावर रंग असा गुळगुळीत बसला होता, की माझा पंजा नेमका कुठं होता तेही सांगता येईना. शेजारी, धुतलेल्या जागी, रतनचा पंजा होता. करंगळी जरा वाकडी. तिची लहानपणापासून तशीच होती.

राजमहंमद मागं सरले. मग ब्रश रॉकेलमध्ये टाकून म्हणाले, "मोहनराव, हा रंगाचा दोष न्हाय. मी ह्याला आता हात लावनार न्हाय."

आता मात्र मला भीती वाटली. तरी मी त्या पंजावर माझा पंजा ठेवला आणि लहान पोरासारखा रडलो. जितेपणी मी तिला गाडीला हात लावू दिला नाही, आणि आता तिच्या पंजावरचा माझा हात मलाच उचलवेना.

इंदापूरला नकार कळवला. गाडी अंगणातच असते. रोज पुसतो, तेवढी जागा मात्र फडक्यानं नाही, हातानं. हात तेलकट होतो. तो मी धूत नाही.