गाळण्याआधीचं वजन

साबण करणं म्हणजे डोकं शांत ठेवून वजनं करणं, असं घड्याळजी सगळ्या घराला सांगत सुटले होते. तळणीचं उरलेलं तेल फेकायचं नाही, त्याचा साबण करायचा, हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं आणि स्वयंपाकघर बायकोच्या हातून गेलं. तिनं वाद घातला नाही. नवऱ्याच्या आधीच्या नादांच्या मानानं हा निदान स्वच्छ होता.

कापलेल्या वड्या खिडकीत मांडल्या होत्या. फिकट, गुळगुळीत, दुकानातल्याला लाजवतील अशा. महिनाभर मुरल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. मग ते कालची भांडी आवरायला वळले आणि त्यांना गाळणं दिसलं. त्यात तळणीचा जळका, काळा चोथा होता. चांगला ओंजळभर.

तेल त्यांनी गाळायच्या आधी तोललं होतं, आणि कॉस्टिक सोडा त्याच वजनाला धरून घातला होता. म्हणजे या चोथ्याच्या वाट्याचा सोडा साबणात मोकळाच राहिला. आता तो महिनाभर मुरवला काय आणि वर्षभर मुरवला काय, कातडी सोलणारच.

खात्री करायला त्यांनी एका वडीला जीभ लावली. इंगळी डसावी तशी जीभ पोळली. चूळ भरता भरता त्यांनी वड्या मोजल्या. एक कमी होती.

"अहो, ती आईला दिली," बायको म्हणाली. "सकाळी येऊन गेली ना. बाळाच्या अंघोळीला होईल म्हटलं."

बाळ मेहुणीचं. जेमतेम महिन्याचं.

"हात लावू नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"मी कुठं लावला? चिमट्यानं उचलून कागदात गुंडाळून दिली."

सासूबाई फोन उचलेनात. मेहुणीचा बंद होता, कारण रिंगनं बाळ दचकायचं. दोघींचं घर दोन गल्ल्या पलीकडे. घड्याळजी घरातल्या सपाता घालूनच पळत सुटले. एकीनं वाटेत साथ सोडली, तरी ते थांबले नाहीत. जिन्यातच त्यांना बाळाचा टाहो ऐकू आला आणि ते दोन-दोन पायऱ्या चढू लागले. मेहुणीनं दार उघडलं तशी तिला जवळजवळ बाजूला सारून ते न्हाणीघरात घुसले.

टबात बाळ लालबुंद होऊन रडत होतं. कडेला वडी होती. ओली.

"आई, साबण लावला?"

"लावला," सासूबाई म्हणाल्या.

घड्याळजींनी भिंत धरली.

"माझ्या हाताला. वस्तू तुम्ही केलेली, जावईबापू. म्हटलं, आधी स्वतःवर बघावं. तेव्हापासून हात धुतेय, आग जात नाही. इकडे टबातलं पाणी गार झालं म्हणून हे रडतंय."

त्यांचं मनगट भाजल्यासारखं लाल झालं होतं. घड्याळजींनी नळ पूर्ण सोडला आणि ते मनगट धारेखाली धरून उभे राहिले. सासूचा आपल्यावर काडीचा विश्वास नाही, याचं त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच बरं वाटत होतं. चूक कशी झाली ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं. सुजलेली जीभ धड वळेना.

"ते मागाहून," सासूबाई म्हणाल्या. "आता बाळाला उचला. आणि आधी हात धुवा. विकतच्या साबणानं."