ना तिवसा, ना अकोला

गंजाच्या, त्या पोलादी पातेल्याच्या, काठाखाली बोटाला काहीतरी खरखरीत लागलं, म्हणून कुंदाने तो नळाखालून काढून खिडकीच्या उजेडात धरला — टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं, घासून घासून अर्धी पुसट झालेली... सौ. मनकर्णा खु. वानखडे. खुशालरावांची पहिली बायको. भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर तो नाव घालणारा बसलेला असणार, त्याचं ते करकरणारं यंत्र, आणि समोर उभी असलेली बाई, आपलं नाव पोलादावर उमटताना बघणारी. कुंदाच्या स्वतःच्या भांड्यांवरही नाव होतंच, फक्त ते तिचं नव्हतं, तिच्या गेलेल्या नवऱ्याचं, वकीलसाहेबांचं होतं. आता या दोन खोल्यांत दोन गंज, दोन कुकर, दोन पोळपाट, दोन देव्हारे — आणि माणसंही दोनच, त्यातलं एक सकाळपासून गायब.

गायब हा शब्द जरा मोठा झाला. खुशालराव सहाला उठले होते, स्वतःच चहा करून प्यायले होते — कप विसळून ओट्यावर पालथा घातलेला — आणि चपला घालून निघून गेले होते. फोन खाटेच्या उशाशी चार्जिंगला तसाच लावलेला. आता दहा वाजत आले होते. रविवार. अमरावतीच्या या घरातला सहावा दिवस.

मंगळवारी टेम्पोतून सामान उतरलं तेव्हापासून हा माणूस बोललाच नव्हता. म्हणजे नळ आला, दूधवाला आला, खिडकी लावू का, एवढं बोलत होता. बाकी वेळ गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांकडे बघत बसायचा. दोन वर्षं एसटीत, स्टेशनच्या बाकावर, नरनाळ्याच्या चढावर धापा टाकतानासुद्धा ज्याचं तोंड मिटलं नव्हतं, तो चार भिंती लागताच मिटला... फिरायला गेलेला माणूस निराळा आणि घरातला निराळा, हे मला काय ठाऊक नव्हतं? एकोणसाठ वर्षांची बाई मी. वकीलसाहेबही लग्न ठरल्यावर राजेश्वराच्या देवळाच्या आवारात कसं गोड बोलले होते, आणि पुढे चोवीस वर्षं घरात फक्त त्यांच्या खुर्चीचा आवाज. पण तेव्हा आपण बावीस वर्षांच्या होतो आणि घाबरत होतो. आता घाबरत नाही. आता फक्त बघायचं आहे, की ही माती कोणती आहे.

मातीचं तिला कळायचं. अकोल्याच्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत तिची तेहतीस वर्षं गेली होती. खुशालराव पहिल्यांदा आले ते तिथेच. तिवश्याचे शेतकरी, सात एकर काळी जमीन, बहिणीकडे अकोल्याला आले म्हणून कापडी पिशवीत वावरातली मातीही घेऊन आलेले. तिने पिशवी उघडून पाहिली आणि परत त्यांच्या हातात दिली.

"ही झाडाखालची आहे. चालत नाही. वावराच्या मधली आणा."

"मॅडम, तुमाले कसं कळलं?"

"पिशवीत निंबोळ्या आहेत."

त्यावर ते इतके हसले, की शेजारच्या टेबलावरचा बाबू उठून पाहायला आला. बाराव्या दिवशी दुसरी माती घेऊन हजर. पुढे अहवाल पोस्टाने पाठवता आला असता. तिने तो नेऊन दिला. मूर्तिजापूरला. ती अकोल्याहून निघायची, ते बडनेऱ्याला येऊन गाडी धरायचे, आणि मधल्या त्या स्टेशनवर दोघांचा चहा व्हायचा. पुढे महिन्यातले दोन रविवार तसेच ठरून गेले. "तुमच्या मातीत जस्त कमी आहे," तिने सांगितलं तेव्हा ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले होते, "मातीत का माह्यात?"

गंज तिने पुसून मांडणीवर ठेवला. ठेवताना अक्षरं भिंतीकडे फिरवावीत की समोर... क्षणभर हात अडला, मग तिने तो जसा आला तसाच ठेवून दिला. आणि डाळ धुवायला घेतली.

सगळ्यात मोठी सहल सेमाडोहची. वाघ दिसला नाही. जिप्सीवाला इतका ओशाळला, की खुशालरावांनीच त्याची समजूत काढली, "आपल्याले नाई दिसला तं काय झालं, त्यानं आपल्याले पायलं असन. म्हनला असन, हे दोन म्हातारे कोन होत?" — आणि तो दिवस तिथेच संपता तर गोडच होता. पण चहाच्या टपरीवर तिवश्याचा एक ओळखीचा भेटला, त्याने कुंदाकडे एकदा नीट पाहिलं, आणि खुशालराव पटकन बोलून गेले, "ह्या माती तपासनीच्या मॅडम होत. सरकारी कामानं आल्या."

सरकारी कामानं! परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि एक शब्द बोलली नाही. घाटाची वळणं, सागाची मोठाली पानं, पुढच्या सीटवर तोच तिवश्याचा माणूस डुलक्या घेत असलेला. आणि शेजारी खुशालराव, गुडघ्यांवर हात ठेवून, जन्मात पहिल्यांदा गप्प. तिने मनात ठरवून टाकलं होतं, परतवाड्याला उतरायचं, अकोल्याची गाडी धरायची, आणि संपलं. रडायचं वगैरे नाही. परतवाडा आलं. ती पिशवी घेऊन खाली उतरली, आणि मागून मोठ्याने आवाज आला, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा :

"ओ बाप्पा, थांबा! मंघाशी मी तुमच्यासंग खोटं बोललो. ह्या कोन्या कामानं नाई आल्या. मी यायच्यासंग लगन करून राहिलो!"

तिवश्याचा तो माणूस तोंड उघडं टाकून उभा. संत्री विकणारी बाईसुद्धा टोपली डोक्यावर तशीच धरून वळली.

कुंदा म्हणाली, "मला विचारलंत का?"

"आता इचारून राहिलो ना."

हा माणूस होता तो. चूक केली की भर स्टँडवर दुरुस्त करणारा. त्याच्यावर कुणी विश्वास ठेवायचा नाही तर कशावर?... डाळ कुकरमध्ये गेली. तांदूळ किती घ्यायचे? तिने दोघांचे घेतले.

घर कुठे करायचं, हे मात्र तिनेच ठरवलं. बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांवरून दोघं मूर्तिजापुरात चालत होते, रुळांमध्ये गवत माजलेलं, आणि ती म्हणाली होती, "तुमच्या घरी मी पाहुणी होईन, माझ्या घरी तुम्ही. ना तिवसा, ना अकोला. अमरावतीला भाड्याने घेऊ." ते बराच वेळ रुळाच्या फळ्या मोजत चालले आणि म्हणाले, "बराबर हाय." आणि त्यांनी ते पुरतं केलं. तिवश्याचं घर मुलाच्या, किशोरच्या नावाने केलं, आपली खोली रिकामी केली, खाट नातवाला दिली. "आता तिथं गेलो तं पावना म्हून जाईन," असं हसत म्हणाले. तिने तेव्हा नुसती मान हलवली होती.

अकराला पुण्याहून कुंदाच्या मुलीचा, अदितीचा फोन आला.

"आई, काका कुठे आहेत?"

"बाहेर गेलेत."

"कुठे?"

"माहीत नाही."

पलीकडे एक लहानसा थांबा. अदिती लग्नाच्या नोंदणीला आली होती, सही करून गेली होती, चांगलं वागली होती — पण तो थांबा तेव्हाही होता.

"आई, एक सांगू? अकोल्याचं घर तू तसंच ठेवलंस ना, फार बरं केलंस. माणसाला परतीचा रस्ता लागतो."

"हं," कुंदा म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला जाणवलं, की शाबासकी मिळाली आणि ती कुठेतरी टोचली.

कारण खुशालरावांना तिने वेगळंच सांगितलं होतं. भाडेकरू बघितला आहे, एक तारखेपासून येईल. भाडेकरू कोणी नव्हता. घराला कुलूप होतं, किल्ली शेजारच्या गंगूबाईंकडे, तुळशीला पाणी घालायला. गादीवर धुतलेली चादर घातलेली होती. सिलिंडर भरलेला. निघताना तिने ती चादर चारही कोपऱ्यांनी नीट खोचली होती, आणि तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं की हे कशासाठी. त्यांनी आपली खाट देऊन टाकली, आणि मी माझी अंथरून ठेवली... आणि वर पाच दिवस मीच तपासत बसले आहे, की माती कोणती आहे. त्यांची.

एक वाजला. ते आले नाहीत. तिने एक ताट घेतलं, वरणभात वाढला, वर तूप, लिंबू, ठेच्याचं बोट — आणि जेवली. वकीलसाहेबांसाठी ती साडेतीन-साडेतीनपर्यंत थांबायची. भूक मरून जायची, मग त्यांच्यासोबत बसून ती मेलेली भूक जेवायची. आज थांबली नाही, आणि न थांबण्यात राग नव्हता हे तिने स्वतःशी नीट पाहून घेतलं. भूक लागली होती, एवढंच. त्यांचा भात तिने झाकून ठेवला.

आजचा रविवार फिरायचा ठरला होता. ठरलं होतं ते बुधवारी, त्यांच्या त्या तुटक बोलण्यात : "रविवारी छत्री तलावावर जाऊ." मग जायचं. चार वाजता तिने पिवळी सुती साडी नेसली, वहीचं पान फाडून लिहिलं — 'मी छत्री तलावावर आहे. भात झाकला आहे.' — ते त्यांच्या फोनखाली ठेवलं, आणि रिक्षा केली. नव्या गावात एकटीने केलेली पहिली रिक्षा. "छत्री तलाव," तिने सांगितलं, जणू जन्म इथेच गेला. रिक्षावाल्यालाही काही शंका आली नाही.

पौषातलं ऊन उतरणीला लागलं होतं. पोरं सायकली फिरवत होती, एक नवं जोडपं एकमेकांचे फोटो काढत होतं, आणि पाण्यावर टिटव्यांची ओरड. ती बाकावर बसली. बरं वाटत होतं, आणि हे बरं वाटणं त्यांच्यावर अवलंबून नव्हतं. ते आले तर आणखी बरं. नाही आले तर... नाही आले तर उठून घरी जायचं, उरलेला भात उद्या फोडणीला टाकायचा, आणि मग विचारायचं. परतवाड्याच्या स्टँडवर विचारलं तसं.

"मॅडम."

ते बाकाच्या मागे उभे होते, दम लागलेला, हातात कापडी पिशवी. बसले. पिशवी मध्ये ठेवली. आतून उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा मिठाळ वास आला.

"तिवश्याले गेलतो."

"कळलं. शेंगा इथे उकडल्या नाहीत."

"सीमानं देल्ल्या. सूनबाईनं." ते पाण्याकडे बघत राहिले. "आज मनकर्णाची तिथी व्हती. दरसाली वावरात जातो, बोरीखाली निवद ठेवतो. काल सांगीन म्हनलं, सकाळी सांगीन म्हनलं... तुमी झोपल्या व्हत्या."

"उठवायचं होतं."

"उठवून काय सांगू? पाच दिवसांपासून तुमी परदे लावून राहिल्या, डबे लावून राहिल्या, सारं नवं. त्या घरात तिचं नाव काढाले माही जीभच होईना."

"आणि इथे?"

"इथं काय? इथं तं तळं हाय."

ती हसली, मोठ्याने; फोटो काढणाऱ्या जोडप्याने वळून पाहिलं. तेही हसले, उशिराने, हसावं की नाही या बेतात. त्यांच्या टाचांना काळी माती लागलेली होती, वाळून भुरकट झालेली.

"पुढच्या वर्षी मी येऊ का? बोरीखाली?"

त्यांनी लगेच हो म्हटलं नाही, आणि ते तिला आवडलं. "किशोरले इचारा लागन," ते म्हणाले. "त्याची माय होती ते. मी माह्याकडून हो म्हनतो."

"विचारा."

त्यांनी शेंग सोलली, दाणे तिच्या तळहातावर ठेवले. मऊ, कोमट दाणे. आता इथून पुढे गप्पा सुरू झाल्या असत्या, नेहमीसारख्या — किशोर काय म्हणाला, कापूस किती फुटला, बसमध्ये कोण भेटलं — आणि आजचा दिवस अगदी नीट, गोड संपला असता. तिला ते दिसत होतं. ते तिच्या हातात होतं.

"खुशालराव, अकोल्याच्या घरात भाडेकरू नाही," ती म्हणाली. "येणारही नव्हता. मी तुम्हाला खोटं सांगितलं. कुलूप लावून ठेवलंय. गादीवर चादरसुद्धा घालून ठेवली आहे."

त्यांचा हात पिशवीत होता तो तिथेच राहिला.

ती पुढचं बोलणार होती. कारणं तयार होती. अदिती, म्हातारपण, एकट्या बाईने काढलेली अकरा वर्षं — सगळी खरी होती, ओळीने उभी होती. तिने त्यातलं एकही पुढे केलं नाही. बांधावरून एक सायकल गेली, घंटी वाजवत. खुशालरावांचं हे गप्प राहणं रागाचं होतं, की दुःखाचं, की त्यांनी हे आधीच ताडलं होतं... तिला कळेना, आणि कळेना म्हणून जी भीती वाटायची — खुर्चीचा आवाज ऐकत बसलेल्या त्या सगळ्या वर्षांची — ती येते का, याची ती वाट पाहत राहिली. आली नाही. पाण्यावरचं ऊन पलीकडच्या काठाला सरकत होतं. ते काय म्हणतील ते म्हणोत. जे म्हणतील ते ती बसून ऐकणार होती, इथे किंवा घरी. तिने हातातले दाणे एकेक करून तोंडात टाकले, सावकाश, आणि त्यांच्याकडे पाहत राहिली.